दोन नावांचा पंधरवडा

खजुरी बाजारातल्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं मी तिथी तपासल्या.
मशीन एकच.
आधी निघायचं हिंदी पंचांग, पौर्णिमेला महिना मिटवणारं,
मग आपलं, अवसेपर्यंत ताणणारं.
शुद्ध पक्षात दोघांचं जमायचं,
वद्यात फाटायचं.

सत्त्याऐंशी साली हात सवयीनं चालला,
त्यांच्या श्रावण कृष्णावर
मी आषाढ लिहून मोकळी.
चारशे प्रती शिवून झाल्यावर नेमिचंदजी म्हणाले,
“बाई, आप तो आधा सावन खा गईं।”
त्या रात्री जेवले नाही.
चारशे चिठ्ठ्या खळीनं चिकटवल्या.

कागद घेऊन सियागंजातून मुस्तनसिरभाई यायचे.
त्यांचा चंद्र वहीत उगवतो,
ढग असोत नसोत.
कटिंगवाला नईम मात्र गच्चीवर चढायचा,
डोळ्यांवर हात धरून पश्चिमेला बघत राहायचा.
दोघांचे रोजे एखाद्या दिवसानं मागेपुढे,
पण मला हसताना दोघं एक :
तुमचा तर तीन वर्षांत महिनाच वाढतो, बाई,
पगार वाढतो का?

आमचे हे गेले त्याच पंधरवड्यात. तेरशीला.
दाखल्यावर निगमनं नुसती तारीख टाकली,
तिला ना शुद्ध ना वद्य.
सून गरिमा, मंदसौरची, अजून सांगते सगळ्यांना,
पापाजी सावन में गए, भोलेनाथ के महीने में.
मी म्हणते आषाढ.
भांडण नाही. फक्त
तिच्या माहेरी त्या दिवशी कांदासुद्धा चालत नाही
आणि माझ्या माहेरी, साताऱ्याला,
श्रावणाआधीचं शेवटचं मटण रटरटत असतं.

ह्यांना नळीची हाडं आवडायची.
ताटावर ठोकून ठोकून मगज काढायचे,
शेजारी ऐकू जाईल इतकं.

यंदा तिथीला मी वरणभातच लावला,
घर तिचंही आहे.
दिवेलागणीला गरिमा बाहेरून आली,
हातभर लांब धरलेली पिशवी,
आत फडक्यात बांधलेला डबा.
स्वतः नाही उघडला, नातवाला सांगितलं.
वाफ वर आली तशी नाकाला पदर लावून म्हणाली,
“आपका तो अभी असाढ़ चल रहा है ना।”

आणि तिच्या श्रावणातला साबुदाणा
तिनं नेला गॅलरीत,
वाऱ्याच्या बाजूला बसून खाल्ला.
मी ताटावर हाड ठोकलं.
हळूच. एकदाच.