पलीकडून

सव्वीस वर्षं आम्ही डोंगराकडचीच खोली घेतली.
तळ्याकडची अडीच हजार येनांनी महाग,
आणि कियोहारू म्हणायचा, झोपेत कुणाला तळं दिसतं?
तळं न्हाणीतून बघायचं.

म्हणजे त्याच्या न्हाणीतून.
बायकांच्या बाजूला बांबूचं कुंपण,
कुंपणावर शेवाळ, शेवाळावर वाफ,
मान वर केली तर हातरुमालाएवढं आभाळ.

मधली भिंत डोक्याच्या जरा वर जाऊन थांबते.
तिच्यावरून त्याचा आवाज यायचा, ओला, घुमणारा:
बेटावर दिवा लागला बघ.
हरणं उतरलीत पाण्यावर, तीन. नाही, चार.
बगळा उभा आहे मघापासून एका पायावर,
उधारी वसूल करायला आल्यासारखा.
मी गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून
हूं म्हणायची.
ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं असतं,
नाहीतर सांगणारा वाट चुकतो.
मग तो म्हणायचा, निघतो गं.
मी म्हणायची, निघते.
बाहेर बाकावर थंड दुधाच्या दोन बाटल्या.

माणूस असा, की जन्मभर
रेल्वेच्या वेळापत्रकांची मुद्रितं तपासली.
सहा सत्तावन्नचं सहा एकोणसाठ होऊ दिलं नाही कधी.
लग्नाआधी मी लिहिलेलं पहिलं पत्र
एक अक्षर दुरुस्त करून परत पाठवलं होतं त्यानं,
आणि तरीही मी हो म्हटलं.

यंदा नोव्हेंबरात एकटी आले.
धक्क्यावर हंसाच्या होड्या साखळीनं बांधलेल्या,
चोचींवर निळी ताडपत्री.
तोमिकोबाईंनी सवयीनं दोन गाद्या घातल्या,
मग एक उचलायला लागल्या.
मी म्हटलं, राहू दे. सामान ठेवीन.

इथं पहाटे पडदे बदलतात.
निळा इकडे, लाल तिकडे.
रात्री जी पुरुषांची, ती सकाळी बायकांची,
दोन्ही पाण्यांचा गुण सगळ्यांना लागावा म्हणून.
मी कधी उठलेच नाही.
केस वाळत नाहीत, सातला न्याहारी, नऊची बस.
काल झोपच आली नाही, तर उठायचं काय.

साडेपाच. लाल पडदा त्याच्या दारावर.
गंधकाचा तोच वास, उकडलेल्या अंड्यासारखा.
काच सरकवून उघड्यावर आले.

समोर कुंपण.
बांबूचंच. जरा नवं.
त्यापलीकडे बॉयलरची चिमणी
आणि टॉवेल वाळत घालायच्या तारा.
दगडावर चढले, एकाहत्तराव्या वर्षी, नागडी,
टाचा उंचावून पाहिलं.
बेट सोडाच, पाण्याचा टिपूस नाही.
तळं हॉटेलच्या दुसऱ्या अंगाला.
खरं तर जिना उतरतानाच कळायला हवं होतं,
पण जिना उतरताना कोण दिशा बघतं?

लोणकढी थाप!
तीही हरणं मोजून.
तीन. नाही, चार.
आपलीच चूक दुरुस्त करत.

आधी राग आला. मग थंडी वाजली, म्हणून पाण्यात बसले.
त्याची पाठ कुठं टेकत असेल, तो दगड शोधला.
हाताला काही लागलं नाही.
आठवड्याला शंभर पाठी, दगड तरी कुणाकुणाची धरणार?
चिमणीतून धूर निघाला. तारेवर एक कावळा बसला.
मला वाटलं, हाच तो बगळा असेल.
आणि दिवा? दिवा बॉयलरचा असेल, तांबडा, पेटला की दिसणारा.
हरणांचं मात्र काही जुळेना.

उजाडलं. बोटं सुरकुतली.
उठले, आणि तोंडातून गेलंच, भिंतीकडे,
निघते हं.

पलीकडे पाणी हललं.
कुणी अनोळखी,
बहुधा काल जेवणघरात
एकटाच माशाचे काटे काढत बसलेला तो.
क्षणभर गोंधळला असेल,
मग भिडेखातर, घसा खाकरून
हूं, म्हणाला.

बाहेर बाकावर दूध प्यायले.
यंत्रानं दिलेली मोड मोजली.
बरोबर होती.