सतरापैकी अकरा

दुधराम कापगत्यांचं जठर
टेबलावर आलं तेव्हा बुधवार होता.
डबा फॉर्मॅलिनचा, वय एकसष्ट, गाव चिचटोला.
मोठ्या वाकणालगतची चरबी
मी बोटांनी चाचपत गेले,
तांदळातून खडे वेचतात तशी.
काही गाठी मसुराएवढ्या, काही लाखोरीएवढ्या,
एक बोराएवढी,
कापताना करकरली.

सतरा सापडल्या.
काचेवर चढवल्या तेव्हा कळलं,
अकरा आधीच गेलेल्या.

मग मॅडमच्या अभ्यासासाठी आणखी एक रंग.
त्यात एक प्रथिन दिसतं.
नाव म्हणजे नुसती अक्षरं, व्हीईजीएफ-सी,
काम एवढंच, की शेजारच्याला म्हणायचं : वाढ.
वाईट शब्द नाही तो.
आईच्या पोटात यांना कुणीतरी तेच म्हणालं असेल,
नडगीवर कुऱ्हाडीचा जुना वण आहे,
तो भरतानाही.
इथे फक्त
पुरे आता, असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.
गाठीच्या कडेकडेनं काताचा रंग चढला,
पानाला लावतात तसा,
जरा जास्तच.

रिपोर्ट न्यायला ते स्वतः आले,
टाक्यांवर एक हात धरून.
समजावणं माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे.
पण डॉक्टरांनी तीन मिनिटं दिली होती
आणि बाहेरचा बाक रिकामा होता.
"काहून वो बाई, ह्या गाठी म्हनजे काय?"

दुधराम गावच्या तळ्याचे पाणकर.
कुणाच्या बांधीत किती वेळ पाणी,
ते काठीच्या सावलीवर मोजतात.
म्हणून मी म्हटलं,
अंगात रक्ताशिवाय एक दुसरं पाणी असतं, पांढुरकं,
त्याचे पाट असतात,
आणि गाठी म्हणजे पाटावरचे तुडुम,
घाण अडवणारे.

ते हसले, मग टाके दुखले म्हणून थांबले.
"तुडुम घान नाई अडवत, बाई.
तुडुम पानी सोडते."

बराच वेळ काही बोलले नाहीत.
ओपीडीत कुणाचं तरी पोर रडत होतं.

"बेशरम पायली का तुमी?
येक कांडी पडली का तळं गेलं.
तोडून फेकली तं जिथं फेकली तिथं उगवते.
ते पाटानं येते, असं नाई.
ते आपला पाट आपनच करते."

दोन वर्षांचा डिप्लोमा, मग सहा वर्षं ही नोकरी,
आणि मॅडमच्या अभ्यासाचं पहिलं पान
माझ्यासमोर धोतर सावरत बसलेलं.
कारण हेच करतं ते प्रथिन,
नव्या वाटा फोडतं,
जिथे नव्हत्या तिथे.

"अकरा गेल्या. बाकीच्या सहा?"
सहा स्वच्छ आहेत.
"नावं हायत का त्याईले?"
नंबर असतात, म्हटलं. तीन, चार, सहा.
"आमच्या तुडुमाईले नावं हायत.
वडाचा. खालचा. गौराबाईचा."

पुढच्या शनिवारी सलाईन लावायचं, असं लिहिलं होतं.
शनिवार जमणार नाही म्हणाले,
वरच्या बांध्यांची पाळी आहे,
दुसऱ्याच्या हातात तुडुम दिला की भांडणं होतात.
कागदाची चार घड्यांची पुडी केली
आणि बसच्या वेळेला निघाले.

रजिस्टरात नावाचा रकाना एकच आहे,
तो माणसासाठी.
सहाच्या पुढे मी पेन्सिलनं काहीतरी लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं.

डबा महिनाभर तिसऱ्या फळीवर राहील.
मग यादी करून द्यायचा.