चौदा नंबरची खोली

हडर्सफील्डला आमच्या सरावाच्या खोल्या
आधी लोकरीचं गोदाम होत्या.
हीटर लावला की चौदा नंबरात अजून
ओल्या घोंगडीचा वास सुटतो,
आणि पियानोचा खालचा एक सूर
कायमचा बसलेला.
तिथं त्या दोघांचं भांडण झालं.
मी होते. पानं उलटायला.

हेटीनं गाणं आणलं होतं, तिच्या आजीच्या आत्याचं.
गिरणीतल्या बाया म्हणायच्या
भोंगा व्हायच्या आधी, फरशीवर लाकडी बूट आपटत.
छापलेलं कुठं नाही, रेकॉर्ड निघाली नाही.
हेटीकडे आहे एक कॅसेट,
आणि त्यातही मध्येच कुणीतरी विचारतं,
"साखर किती घालू?"

रोरीनं ते गाणं घेतलं,
त्याला चांगले कपडे घातले,
शेवट उचलून वर नेला,
आणि परीक्षेच्या कागदावर नाव लिहिलं
एकट्याचं.

"मोडकं होतं," तो म्हणाला, "मी उभं केलं."
"मोडकं नव्हतं," हेटी म्हणाली. "दमलेलं होतं."

मग स्टँड पडला.
वर्षभर जे आवाज सुरात ठेवायला शिकलो
ते भलत्याच पट्टीत गेले.
रोरीनं शिवी दिली.
हेटीनं फक्त कॅसेट खिशात घातली,
ते जास्त लागलं.
दोघं माझ्याकडे वळले. तू सांग.
मी म्हटलं,
साडेपाचपासून खोली दुसऱ्या कुणाची तरी आहे.

कालव्याच्या कडेनं घरी जाताना
(गिरण्यांचे फ्लॅट झालेत, खिडक्यांत सायकली टांगलेल्या)
माझ्या तोंडात बाबांचं गाणं आलं.
इचलकरंजीला दुसऱ्या पाळीत
सोळा मागांच्या मधोमध उभे राहून म्हणायचे ते.
कुठल्या पडेल सिनेमातलं, चार दिवस चाललेल्या.
गाणारी कोण, कुणाला ठाऊक नाही.
सांगली केंद्र ते लावायचं
बाजारभावाआधी वेळ उरला तर.

दिवा नाही लावला तरी दार ओळखते पाऊल,
जा म्हणाले मी, तरीही आत येते ती चाहूल.

अख्खं म्हटलं. मोठ्यानं.
एक बदक बाजूला झालं.

रात्री अकराला फोन केला. तिकडे साडेचार,
नळाला पाणी यायची वेळ, बाबा जागेच.
म्हणून दाखवलं.
"पहिली ओळ बरोबर," म्हणाले.
"दुसरी कुठली गं? पुढचं मला कधी ऐकूच आलं नाही.
माग सुरू व्हायचे. खटखटाटात
मी आपलं नुसतं हूं हूं करायचो."

म्हणजे दुसरी मी घातली.
कधी? नववीत? विमानात?
धोटा इकडून तिकडे जातो,
त्याला काय ठाऊक कापड कुणाचं.

"बरी आहे पण," बाबा म्हणाले. "म्हण परत."
मागं बॅरल भरत होतं.

आता गुरुवारी माझी पाळी.
फॉर्मवर एक चौकोन आहे: रचना कुणाची.
रोरीनं त्याच्या कागदावरचं नाव खोडलंय,
त्या जागी काय लिहावं ते त्याला सुचलेलं नाही.
हेटी त्याच्याशी बोलत नाही.
माझ्याशी बोलते, थोडं,
खोलीच्या वेळांबद्दल.

काल तिनं मला कॅसेट ऐकवली,
एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या.
साखर किती घालू, याला उत्तर नाही त्यात.
बाई एक श्वास घेते आणि दुसरं कडवं सुरू करते.
चहा गार झाला असणार.