पॉइंट चार

भरमाण्णा मामा गडहिंग्लजहून आला
पेढ्यांचा पुडा आणि एक आकडा घेऊन.
चारशे एकतीस.
पुडा आईनं देवापुढं ठेवला,
आकडा ठेवायला घरात जागा सापडेना.

"पाचशेपैकी," मामा म्हणाला, "आमच्या शिवांजलीचे."
इकडं सहाशे पंचवीसपैकी असतात, हे त्याला ठाऊक.
म्हणून त्यानं मोबाइल काढला.
"लावण्याचे चारशे अठ्ठ्याहत्तर, थांब हां...
आमच्या हिशेबानं तीनशे ब्याऐंशी पॉइंट चार.
पॉइंट चार सोड."

मामा वाईट माणूस नाही.
जाताना संकेश्वरात टाकी फुल्ल करून मगच हद्द ओलांडणारा.
कुठलं काय कुठं स्वस्त, हे त्याला पाठ.
पोरींचंही त्यानं तसंच करून बघितलं, एवढंच.

लावण्या स्लॅबवर जाऊन बसली.
वाळत टाकलेल्या सांडग्यांशेजारी,
मोबाइलचा उजेड तोंडावर घेऊन.
शिवांजलीचा फोटो, शिवांजलीचा केक,
शिवांजलीच्या वर्गातल्या कुणाची तरी नवी गाडी.
मग पुन्हा केक.

"काय करूलीस?" मी विचारलं.
"काय नाही."

मी उद्यमबागेत बुशिंग तपासतो.
दिवसाला सहाशे, कधी सातशे.
पहिल्या महिन्यात मी एक शहाणपण केलं:
एक झकास दिसणारं बुश बाजूला ठेवलं
आणि बाकीची सगळी त्याला लावून पाहिली.
क्रेटच्या क्रेट पास.
संध्याकाळी मठपती साहेबांनी ते झकास बुश मोजलं.
तेच वाकडं होतं.
"बुशाला बुश लावून काय बघतोस रे, ड्रॉइंग बघ!"
अख्ख्या शेडला ऐकू गेलं.

हे तिला सांगायचं म्हणून मी जिना चढलो होतो.
पण मधल्या पायरीवर वाटलं,
माणसाचं ड्रॉइंग कुठनं आणायचं?
माझंच अजून आलेलं नाही.
तेवीस वर्षं झाली.

मग मी नुसता बसलो.
अनगोळची सगळी घरं दिवे लावत होती.
खालून महादेवी अक्काचा आवाज, कन्नडात,
आणि त्याला आईचा "हौद, हौद",
अर्धं कळून, अर्धं न कळून.

तेव्हा आठवलं ते बोललो.
आईचा दवाखान्याचा कागद आला होता,
साहेबांसमोर मी तो उलटा धरावा तसा धरून उभा,
आणि आठवीतल्या तू तो माझ्या हातातून घेऊन
घडघडा वाचलास.
कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर.
ते मामाच्या कॅल्क्युलेटरात कुठं बसलं असेल?
"पॉइंट चारमध्ये," ती म्हणाली.
रागानंच म्हणाली.
पण मोबाइल पालथा ठेवला.

माझ्या खिशात व्हर्नियर होतं.
कंपनीचं नव्हे, माझं, तीन हप्त्यांत घेतलेलं.
तिनं करंगळी पुढं केली,
लहानपणी बांगड्यांच्या मापाला करायची तशी.
मी जबडा हलकेच मिटवला, उजेडात धरून वाचलं.

"बारा पॉइंट चार."
"म्हणजे चांगलं का वाईट?"
"म्हणजे बारा पॉइंट चार."
"शिवांजलीची किती असंल?"
"तिची करंगळी हितं नाही."

ती हसली नाही.
खाली मामा चप्पल शोधत होता,
आई त्याला डब्यात कुंदा भरून देत होती,
कितीचा झाला ते तो विचारत होता.

थोड्या वेळानं तिनं अंगठा पुढं केला.
"हा मोज."