घेऊ नका

एकतीस वर्षं मी सोलापूरच्या कोर्टात
दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली.
साक्षीदार बोले, मी घेत असे,
साहेबांनी हात वर केला की थांबत असे.
वर मूळ प्रत, खाली दोन कार्बन.

त्या मे महिन्यात मशीनची बटणंही चटका देत.
आरोपीचं नाव जंक्शन काळे.
"खरं नाव सांग," शिरस्तेदार म्हणाले.
"त्येच हाय. आय कुर्डुवाडीला गाडी बदलत हुती."
कोर्ट हसलं. मीही.
हसू टाइप करायचं नसतं.

त्याचा बाप सेटलमेंटच्या तारेआत वाढलेला,
दिवसातून तीनदा हजेरी.
तार काढून वीस वर्षं उलटली होती,
पण दाजी पेठेत कुणाची सायकल हलली
तरी पोलीस आधी तिकडेच जात,
रस्ता न विचारता.

सुताच्या अकरा गाठी गेल्या होत्या गोदामातून.
पुरावा एक चप्पल,
जी कुणाच्याही पायात बसली असती,
आणि जात,
जी त्याच्याच बसत होती.

बचावाचा वकील नवखा, कोट मामाचा.
त्याने एकच साक्षीदार आणली :
भूदेवी चिलवेरी, विड्या वळणारी,
गोदामवाल्याच्याच चाळीत भाड्याने,
त्याच्याच भावाच्या कारखान्यात कामाला.
बोटांचा तंबाखूचा वास माझ्या टेबलापर्यंत आला.
मागच्या बाकावर मालक, हातात धोतराचा सोगा.
तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग शपथ घेतली.

नळाला पाणी रात्री तीनला, म्हणून ती जागी.
घागर अर्धी झाली होती, तेवढ्यात टेम्पो आला.
इथपर्यंत सगळं माझ्या कागदावर आहे.

"या माणसाला ओळखता?"
ती जंक्शनकडे बघत राहिली,
तराजूत घातल्यासारखी.
"वळखीचा नाही, साहेब.
चोर वळखीचा हाय."
आणि बोट वर केलं, मागच्या बाकाकडे,
मालकाच्या शेजारी बसलेल्या पुतण्याकडे.

साहेबांनी हात वर केला.
"घेऊ नका."
आवाज चढवला नाही, चढवायची गरज नव्हती.
मी घेतलं नाही.
कागदावर उरलं :
साक्षीदार आरोपीस ओळखत नाही.
पूर्णविराम.
तो मात्र माझाच.

मामाचा कोट उठला. खाली बसवला. पुन्हा उठला.
तिसऱ्यांदा उठला तेव्हा
बाही खांद्यात उसवलेली दिसली.
माझ्या निम्म्या वयाचा पोरगा.
मी रिबन बदलत बसलो, जुनी चांगली असताना.

तीन वर्षं सक्तमजुरी.
सोमवारी भूदेवीला कारखान्यात पान मिळालं नाही.
मंगळवारीही नाही.
श्रावणाच्या आत खोली गेली.
जंक्शनचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
फाइल वरच्या कोर्टात जात नाही
तोवर आम्ही विचारत नाही.

निवृत्तीनंतर एकदा मंगळवार पेठेत दिसली,
फडक्यावर कडक भाकऱ्यांची चळत, बाजूला शेंगाचटणी.
ओळख द्यावी की नको, ठरेना.
पावशेर चटणी मागितली.
सुटे मोजता मोजता तीच म्हणाली,
"टायपिंगवाले ना तुम्ही?
मी बोलालते तवा
मशीनचा आवाज बंद पडला.
तवाच कळलं मला, पोरगं गेलं म्हणून."
आणि चार आणे परत दिले, बरोबर मोजून.

लिलावात निघालं तेव्हा ते मशीन मी घरी आणलं.
त्याचा ळ अडकतो,
दर वेळी नखाने सोडवावा लागतो.
आमच्याकडेही हल्ली पाणी रात्री तीनलाच येतं.
बादली लावतो, कागद चढवतो.

वळखीचा नाही, साहेब.

शेजारी भिंत ठोकतो.
नख मोडलंय.

चोर वळखीचा हाय.

वर मूळ प्रत, खाली दोन कार्बन.
कुणाला द्यायच्या, अजून ठरलं नाही.