सहावी ब

पेटी लहान झाली, कारण लाकूडच तेवढं होतं.
शाळेतला मोडका बाक, भंगारात काढलेला,
निवृत्तीच्या महिन्यात मी सत्तर रुपयांना घेतला.
नत्थू भुयार रंधा मारायला बसला
तर मी म्हटलं, समोरची फळी तशीच राहू दे.
"काहून गा?"
मला तरी कुठं ठाऊक होतं काहून.

प्रशिक्षणाचे साहेब आले, टेप लावला, म्हणाले,
आठ चौकटी लागतात, ही पाचाची.
यात काय पोट भरणार तुमचं?
माझं पेन्शनवर भरतं साहेब,
पोट यांचं भरायचं आहे.

सातेरी आणली नाल्याकाठच्या उंबराच्या ढोलीतून,
तिन्हीसांजेला, गोवरीच्या धुरात डोळे पुसत.
राणी आत गेली आणि मागून बाकीच्या,
ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही.
बत्तीस वर्षं मी घंटा दिली,
अशी शाळा एकदाही भरली नाही.

तिसऱ्या दिवशी पायांना पिवळं लावून आल्या,
तुरीचं.
म्हणजे राहणार.

मग माझं काम एवढंच:
पायांखालच्या चार वाट्यांत पाणी, मुंग्यांसाठी.
मे महिन्यात ओलं पोतं, दिवसातून तीनदा.
दारात ओळीनं उभ्या राहून त्या पंख हलवतात
तेव्हा वाटतं, आपणही थोडं हलवावं काही.
आंबिया फुटला की शेजारच्या गावंड्याला हात जोडतो,
फवारणी संध्याकाळी कर बाबा, उन्हं कलल्यावर.
तो कधी ऐकतो. कधी सकाळी अंगणात
झाडूखाली काळी राई सांडल्यासारखं दिसतं.
मी ती झाडत नाही लगेच.

वर्षाला अडीच किलो. मोठ्या पेट्यांवाले हसतात.
संत्र्याच्या फुलांचा मध, फिका,
खोकल्याच्या रिकाम्या बाटल्या उकळून त्यात भरतो.
खोकलाच घेऊन येतात लोक.

दाराच्या वर ती फळी.
कर्कटकाच्या टोकानं खोल कोरलेलं नाव,
नत्थूच्या करवतीनं शेवटचं अक्षर खाल्लेलं:
निर्गु
सहावी ब

मीच धरलं होतं तिला. मनगटाला.
मीच नेलं ऑफिसात, मीच छडी आणून दिली
कपाटामागून, सरांना सापडत नव्हती म्हणून.
मग ती निंबाखाली उन्हात उभी,
आणि मी मधल्या सुट्टीची घंटा दिली
तिच्याकडे पाठ करून.
सातवीच्या हजेरीत ते नाव नव्हतं.
शिपायानं विचारायचं नसतं.

परवा तिची आई आली. मला ओळखलं नाही तिनं,
किंवा ओळखलं असेल.
लेक बाळंतपणाला आली होती बैतूलकडून,
मोठ्या पोराला रात्रभर ढास लागते.
बाटली पदरात बांधून ती पेटीपाशी थांबली,
अंगावरून माश्या जात होत्या, हलली नाही.
"दारावर थे काय लिवलं हाय?"

कंपनीचं नाव, असं ओठांवर आलं होतं.
"निर्गु," मी वाचलं. "पुढचं कापलं गेलं."

ती बराच वेळ बघत राहिली.
एक माशी र च्या रफारावर बसली, पाय पुसले, आत गेली.
"कापलं नाही जी," म्हणाली,
"घरी आमी तिले निर्गुच म्हनतो."

पैसे नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही.
संध्याकाळी वाट्या भरायला वाकलो
तर एका वाटीखाली वीसची नोट, ओली.
ती वाळत घातली आहे दोरीवर.
सातवीत का नाही आली,
हे अजून विचारलेलं नाही.