पासून – पर्यंत

म्हसवडच्या नगरपालिकेत, सभागृहात शिरताना
डाव्या हाताला सागवानी फलक आहे.
रकाने तीन : नाव, पासून, पर्यंत.
वरची नावं माझ्या बापानं लिहिली,
खालची मी.

वरचे कलेक्टरानं नेमलेले.
त्यांच्या पदव्यांनाच अर्धी डबी सोनेरी गेली, बाप सांगायचा.
जुन्या ठराववहीतून उतरवली त्यानं ती,
एका नावाचं आडनाव कसरीनं खाल्लेलं.
बाप शहाणा. त्यानं अंदाज केला नाही,
आडनावाएवढी जागा मोकळी सोडली.
अजून आहे ती. उन्हं कलली की दिसते,
लाकूड तिथं जरा जास्त काळं.

दर अक्षराला दोन आणे.
जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर सभेत तास गेला,
नळाचा विषय पुढच्या सभेवर ढकलला.
गुलाबचंद दोशी उभे राहून म्हणाले,
माझ्या नावात एकही जोडाक्षर नाही,
पालिकेचं हित बघा.
निवडून आले.

मग माझा हात सुरू होतो.
ओळखायचं कसं? माझा ‘र’ पाय लांब टाकतो.

रेवणसिद्ध मासाळ.
त्यांचं ‘पासून’ ओलं होतं तेव्हाच शिपाई शिडीखाली आला,
म्हणाला, उतरू नको, ‘पर्यंत’ पण लिहून टाक.
अकरा दिवस.
दोन सदस्य रात्रीत फुटले, महाबळेश्वरला नेऊन ठेवलेले,
थंडी वाजून परत आले आणि हात वर केले.
अकरा दिवसांत मासाळांनी एकच सही केली :
माणगंगेच्या अंगच्या वस्तीला एक नळकोंडाळं.
त्याला चार तोट्या. तीन चोरीला गेल्या.
चौथीखाली अजून रांग लागते,
आणि रांगेत मासाळांची सून असते.

त्यांच्या खालचे नऊ वर्षं होते.
त्यांची कमान आहे, स्टँडकडं जाताना.
बाकी आठवत नाही.

छबूताई सरतापेंच्या वेळी
मालकांचा निरोप आला, कंसात माझं नाव घे, लोकांना कळू दे.
मी खडूनं आखून ठेवलं.
दुपारी, कचेरी जेवायला गेलेली असताना, त्या एकट्या आल्या.
फलकाकडं पाहिलं. पदराचं टोक तोंडात ओलं केलं.
कंस पुसला, कंसातलं पुसलं.
“तुझा रंग वाचला,” म्हणाल्या, आणि आत जाऊन
पाणीपट्टीची फाईल मागवली.
त्यांच्यानंतरच्यानं आल्या आल्या खुर्ची बदलली.
स्प्रिंग गेली होती म्हणे.
ती खुर्ची पुढं जकात नाक्यावर दिसली मला.
बसून बघितलं.
स्प्रिंग चांगली होती.

माझं बिल सत्त्याऐंशी सालचं.
पाच अध्यक्षांनी त्यावर ‘पाहिले’ असं लिहिलंय.
लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की
जोडाक्षरं जास्त धरली.

आता निवडणूकच नाही. प्रशासक.
साहेब म्हणाले, नाव नको, पद लिही.
चार साहेब बदलले, ओळ एकच.
‘पासून’ आहे.
‘पर्यंत’च्या रकान्यात पहिल्यांदाच
मला कुणी काही सांगायला आलेलं नाही.
पाणी चौथ्या दिवशी येतं. कधी सहाव्या.
विचारायचं कुणाला, तर लोक मलाच विचारतात,
तुम्ही नावं लिहिता ना, म्हणून.

परवा शिडी लावून बघून आलो.
तळाला चार बोटं जागा उरलीय.
दाटीनं दोन नावं बसतील,
माणसं साध्या अक्षरांची असली तर.
हात कापतो माझा. ‘र’चा पाय
आता कुठं पडेल, सांगता येत नाही.
पोरगं फ्लेक्स छापतं, सिद्धनाथाच्या रथापासून वाढदिवसांपर्यंत.
म्हणतं, आबा, सोड आता,
स्टिकर लावू.
सोनेरीच मिळतो, उठून दिसतो.
निघतोही चटकन.